वाचकांचे प्रश्न : सीआरपी वाढलाय, पण आजार कुठं आहे?

या खेपेच्या टपालात रक्ताच्या रिपोर्टबद्दलची पत्रं जास्त आहेत. तक्रार साधारण एकच: सीआरपी किंवा ईएसआर या दाह (अंगातली सूज-जळजळ) दाखवणाऱ्या तपासण्यांचा आकडा ठळक अक्षरांत छापून आलाय, पण ताप नाही, दुखणं नाही, जेवणखाण व्यवस्थित आहे. (सीआरपी बरं का, सीपीआर दवाखाना नव्हे, कोल्हापुरात हे सांगावंच लागतं.) यातल्या बऱ्याच पत्रांत शेवटी, जाता जाता, एखाद्या संप्रेरकाचा उल्लेख येतो. कुटुंबनियोजनाची गोळी, दम्यासाठीचं स्टिरॉइड, थायरॉइड, तालमीत कुणीतरी दिलेलं इंजेक्शन. आमच्या मते त्या ओळीपासूनच पत्राला सुरुवात व्हायला हवी होती.

आधी थोडी पूर्वपीठिका. सीआरपी, फायब्रिनोजेन, हॅप्टोग्लोबिन, सिरुलोप्लाझमिन ही प्रथिनं यकृतात तयार होतात. शरीरात कुठंही जंतुसंसर्ग किंवा जखम झाली की तिथल्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा रेणू, म्हणजे दाहाचा निरोप, रक्तात सोडतात. तो यकृतात पोचला की ही प्रथिनं भराभर बनू लागतात आणि अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन यांचं उत्पादन मागं पडतं. सीआरपी सहाएक तासांत चढायला लागतो, दीड-दोन दिवसांत शिगेला पोचतो. रक्तात तो निम्मा व्हायला सुमारे १९ तास लागतात आणि हा वेळ आजारी माणसात आणि धडधाकट माणसात सारखाच असतो. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा फक्त एकच गोष्ट सांगतो: यकृत या घडीला सीआरपी किती बनवतंय. का बनवतंय, ते सांगत नाही. यकृताची पेशी एकट्या इंटरल्युकिनचं ऐकत नाही. इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल, इन्सुलिन, टेस्टोस्टेरॉन यांचंही तिच्यावर चालतं. आता पत्रं.

प्रश्न : वय ३३. ऑफिसच्या तपासणीत हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी ६.२ आला. खाली ‘हृदयविकाराचा धोका जास्त’ असं छापलंय. वजन ५४ किलो, साखर आणि बीपी नीट. दोन वर्षं माला-एन घेते आहे. सासूबाई म्हणतात, गोळी आजच्या आज बंद कर. काय करू? (राजारामपुरी)

आजच्या आज काही बंद करू नका. मधेच गोळी सोडली तर नको असताना दिवस राहतील, आणि गरोदरपणात याच प्रथिनांची उलथापालथ गोळीपेक्षा मोठी असते.

आधी ती छापील ओळ. हृदयाच्या धोक्यासाठी या तपासणीचे तीन टप्पे मानले आहेत: लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली, १ ते ३, आणि ३ च्या वर. लॅबचं सॉफ्टवेअर आकडा टप्प्यात बसवतं आणि ओळ छापून मोकळं होतं. समोरची बाई गोळी घेते की नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

माला-एनच्या पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्या असतात. प्रत्येकीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. राहिलेल्या ७ गडद गोळ्यांत नुसतं लोह. ०.०३ मिलिग्रॅम म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण गिळलेलं औषध आतड्यातून शोषलं गेलं की पोर्टल शिरेतून सगळंच्या सगळं आधी यकृतात जातं आणि तिथून उरलेलं बाकीच्या शरीराच्या वाट्याला येतं. यकृताला इस्ट्रोजेनचा जेवढा मारा बसतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच अवयवाला बसत नाही. त्यात हे इस्ट्रोजेन मानवनिर्मित. शरीरातलं इस्ट्रॅडिऑल यकृत चटकन मोडून टाकतं, पण या रेणूला जोडलेल्या इथिनिल गटामुळं ते काम अवघड होतं आणि तो बराच काळ यकृतातच घुटमळतो.

त्यामुळं गोळी घेणाऱ्या बायकांत सीआरपी दुपटी-तिपटीनं जास्त सापडणं नेहमीचं आहे. यात इंटरल्युकिन-६ वाढलेलं नसतं. म्हणजे दाहाचा निरोप आलेलाच नाही, संप्रेरकाच्या सांगण्यावरून यकृतानं प्रथिन बनवलं. तुमचा ६.२ बहुधा त्यातला आहे. तरी तपासणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत सर्दी-खोकला, दाढदुखी, लघवीची जळजळ, नवी लस यांपैकी काही झालं होतं का, हे आठवून बघा. झालं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. काहीच नसेल तर गोळी चालू असेपर्यंत ही तपासणी हृदयाच्या धोक्यासाठी वापरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते टप्पे तुम्हाला लागू पडत नाहीत. हृदयाचा अंदाज घ्यायचाच असेल तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, घरातला इतिहास आणि तंबाखू-मिश्री यांवरून घ्या.

गोळीमुळं यकृत आणखीही बरंच काही बदलतं, आणि त्यातलं काही खरोखर महत्त्वाचं आहे. फायब्रिनोजेन आणि रक्त गोठवणारे इतर घटक वाढतात, गुठळी रोखणारं प्रोटीन-एस कमी होतं. म्हणून एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणं, किंवा छातीत कळ येऊन धाप लागणं, असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अँजिओटेन्सिनोजेन वाढतं, त्यामुळं काहींचा रक्तदाब चढतो. सहा महिन्यांतून एकदा तरी मोजून घ्या. सिरुलोप्लाझमिन वाढतं. हे तांब्याचं प्रथिन निळसर असतं. काही बायकांच्या रक्तातलं सीरम गोळीमुळं चक्क हिरवट दिसतं आणि नवखा तंत्रज्ञ दचकतो. गंमत सोडली तर यात एक खाचही आहे. तांबं साठून यकृत बिघडवणारा विल्सन आजार ओळखताना सिरुलोप्लाझमिन कमी आहे का ते बघतात. गोळीनं ते नॉर्मलवर आणून ठेवलं तर निदान हुकू शकतं.

पस्तिशीनंतर तंबाखू ओढणारी बाई, डोळ्यांपुढं चमकणाऱ्या रेघा येऊन अर्धशिशी उठणारी बाई, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली बाई, यांनी मात्र इस्ट्रोजेनची गोळी घेऊच नये. त्यांच्यासाठी तांबी किंवा ‘अंतरा’ नावाचं इंजेक्शन आहे. दोन्हींत इस्ट्रोजेन नसतं.

प्रश्न : माझं वय ५२. पाळी जाऊन वर्ष झालं. रात्री अंगाची लाही होते, झोप नाही. डॉक्टर इस्ट्रोजेन द्यायचं म्हणतात. गोळी आणि जेल, दोन्हींचा एकच गुण का? जेल महाग पडतं. (ताराबाई पार्क)

अंगाची लाही कमी करायला दोन्ही चालतात. यकृताच्या बाजूनं बघितलं तर दोन्हींत मोठा फरक आहे. गोळी आधी यकृतात जाते. जेल किंवा पट्टीतलं इस्ट्रॅडिऑल त्वचेतून थेट रक्तात मिसळतं आणि यकृताला बाकीच्या अवयवांइतकंच मिळतं. म्हणून गोळीनं सीआरपी आणि ट्रायग्लिसराइड वाढतात, जेलनं सहसा वाढत नाहीत. गुठळीचा धोकाही गोळीत जास्त. वजन जास्त असेल, ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील, रक्तदाब किंवा पित्ताशयात खडे असतील, तर जेलच्या चार पैशांकडं बघू नका.

इथं एक गल्लत होते. ‘त्वचेतून दिलं की यकृत सुटलं’ हे इस्ट्रॅडिऑलबद्दल खरं आहे. गर्भनिरोधक पट्टी किंवा रिंगमध्ये इथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं, आणि ते कुठल्याही वाटेनं आलं तरी यकृताला कामाला लावतंच. तेव्हा वाटेबरोबर रेणूही बघा. पाकिटावर नाव छापलेलं असतं.

जेल कोरड्या त्वचेवर, दंडाला किंवा मांडीला लावा, छातीला नको. पाच मिनिटं वाळू द्या, हात साबणानं धुवा. लावलेली जागा तासभर तरी नातवंडांच्या अंगाला लागू देऊ नका. गर्भाशय काढलेलं नसेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. ते टाळून नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाचं अस्तर वाढून पुढं कर्करोगाचा धोका असतो. आणि सुरू करण्याआधी स्तनांची तपासणी.

प्रश्न : सूनबाईंना सातवा महिना आहे. ईएसआर ६२ आला. टीबी असेल काय, म्हणून घरात सगळे काळजीत आहेत. (कागल)

खोकला, बारीक ताप, वजन उतरणं यांपैकी काही नसेल तर नुसत्या ईएसआरवरून टीबीचं नाव काढू नका. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळं यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवतं. एरवी ते डेसिलिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं, शेवटच्या महिन्यांत ५००-६०० पर्यंत जातं. बाळंतपणातला रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गानं केलेली ही तरतूद. फायब्रिनोजेन वाढलं की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात आणि नळीत लवकर खाली बसतात. तोच ईएसआर. पाचव्या महिन्यानंतर ७० पर्यंतचा आकडा निरोगी गरोदर बाईतही दिसतो, हिमोग्लोबिन कमी असेल तर ९० च्याही पुढं. गरोदरपणात ईएसआर न केलेलाच बरा. संसर्गाची शंका असेल तर सीआरपी करा; तो गरोदरपणात थोडाच वाढतो, दोन आकडी आला तर कारण शोधायचं.

अल्कलाइन फॉस्फेटेजही शेवटच्या तिमाहीत वाढतं, ते वारेतून येतं, यकृतातून नव्हे. पण एसजीओटी-एसजीपीटी ही यकृताच्या पेशींतली विकरं गरोदरपणामुळं वाढत नाहीत. ते वाढले तर कारण आहेच. आणि पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री खाज सुटत असेल, तर पित्ताम्लांची तपासणी मागा. संप्रेरकांमुळं यकृतात पित्त तुंबण्याचा हा प्रकार बाळाला घातक ठरू शकतो. ‘गरोदरपणात खाज येतेच’ म्हणून घरची मंडळी तो हमखास अंगावर काढतात.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, दम्याचे जुने पेशंट. महिनाभर प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) चालू आहे. आता कफ पिवळा झालाय, थकवा आहे. पांढऱ्या पेशी १५,००० आणि सीआरपी फक्त ८. एक डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन आहे, दुसरे म्हणतात नाही. (गडहिंग्लज)

दोघांचं भांडण स्टिरॉइडनं लावलंय. कॉर्टिसॉल आणि त्याची औषधी भावंडं यकृतावर दोन उलट दिशांनी काम करतात. यकृताच्या पेशीत ती इंटरल्युकिन-६ ला साथ देतात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर दोन्ही एकत्र दिली तर काही दाहप्रथिनं एकट्या इंटरल्युकिनपेक्षा जास्त बनतात. पण त्याच्या एक पायरी अलीकडं, पांढऱ्या पेशींत, इंटरल्युकिन बनण्याची क्रियाच स्टिरॉइड दाबून टाकतं. निरोपच निघाला नाही तर साथ कुणाला देणार? म्हणून प्रत्यक्ष माणसात सीआरपी उतरतो.

पांढऱ्या पेशींचं उलटं. शिरांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल पेशी स्टिरॉइडमुळं सुटून प्रवाहात येतात, आणि संसर्ग नसतानाही आकडा वाढतो. तेव्हा १५,००० वरून संसर्ग आहे असंही ठरत नाही आणि ८ वरून नाही असंही ठरत नाही. इथं बघायचं ते कफाचा रंग बदललाय का, श्वासाची गती मिनिटाला किती, बोटावरचा ऑक्सिजन किती, छातीचा एक्स-रे, कफाची तपासणी. रक्ताच्या स्मिअरमध्ये कोवळ्या पेशी वाढल्यात का हेही विचारा. नुसत्या स्टिरॉइडनं त्या फारशा वाढत नाहीत. सीआरपी एकदाच करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. ८ चा २५ झाला तर स्टिरॉइड असूनही यकृताला निरोप पोचतोय.

संधिवातासाठी टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांत तर याहून पुढची गोष्ट. ते औषध पेशीवरचा, इंटरल्युकिन-६ चा निरोप घेणारा ग्राहीच बंद करतं, त्यामुळं न्यूमोनिया असतानाही सीआरपी नॉर्मल राहू शकतो. टोफासिटिनिब त्याच वाटेवर पुढची कडी अडवतं. ही औषधं चालू असल्याचं नव्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

प्रेडनिसोलोन स्वतःहून बंद मात्र करू नका. तीन आठवड्यांहून जास्त घेतल्यावर अंगातलं कॉर्टिसॉल बनणं मंदावलेलं असतं. एकदम सोडलं तर उलट्या, रक्तदाब पडणं, साखर उतरणं, असं जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : मी २२ वर्षांचा, गंगावेशीकडच्या तालमीत मेहनत करतो. सीआरपी १४, एसजीओटी ११०, एसजीपीटी ६०. डॉक्टर लिव्हर खराब झालं म्हणतात. मैदानाच्या तयारीसाठी दोन महिने एक इंजेक्शन आणि गोळ्या घेतल्या होत्या, वस्तादांना माहीत नाही. (पत्र निनावी)

आधी आकडे. एसजीओटी यकृतात असतं तसंच स्नायूंतही असतं. हजारभर जोर-बैठका आणि लढती झाल्यावर ते चढतं, आणि एसजीपीटीपेक्षा जास्त चढतं. तुमच्या रिपोर्टचा ढंग तसाच आहे. सीआरपीचंही कारण असू शकतं: दमलेले, फाटलेले स्नायू स्वतः इंटरल्युकिन-६ सोडतात आणि दुसऱ्या दिवशी यकृत सीआरपी वाढवतं. तेव्हा सात दिवस पूर्ण विश्रांती घ्या, नुसतं हलकं चालणं, आणि आठव्या दिवशी एसजीओटी, एसजीपीटी, सीके, जीजीटी, बिलिरुबिन, सीआरपी एकत्र करा. सीके खूप वाढलेलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर ते स्नायूंचं. जीजीटी किंवा बिलिरुबिन वाढलेलं असेल तर यकृताचं. लघवी कोका-कोलासारखी झाली तर आठव्या दिवसाची वाट बघू नका. स्नायू विरघळून मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

आता इंजेक्शन आणि गोळ्या. टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं यकृताच्या प्रथिनांवर इस्ट्रोजेनच्या बरीचशी उलट बाजूनं काम करतात. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पार तळाला जातं. यकृतात बनणारं, लोहाला अडवणारं हेप्सिडिन दबतं, लोहाचं शोषण वाढतं, हिमोग्लोबिन चढतं. अंगात दम आल्यासारखं वाटतं ते यामुळंही. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५४ टक्क्यांच्या वर गेला की रक्त दाट होऊन पक्षाघाताचा धोका. गोळ्यांचं आणखी वाईट. स्टॅनोझोलोल, मेथांडिएनोन यांच्या रेणूत यकृताला मोडता येऊ नये म्हणून मुद्दाम बदल केलेला असतो. त्यामुळं पित्त तुंबून कावीळ होते, यकृतात रक्ताच्या पिशव्या किंवा गाठी तयार होतात. खाज, पिवळे डोळे, पांढुरकी शौच, उजव्या बरगडीखाली दुखणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

याच गटातलं डॅनाझोल एका दुर्मीळ आजारात औषध म्हणून देतात. त्या रोग्यांच्या यकृतात सी-१ इनहिबिटर नावाचं प्रथिन कमी बनतं, त्यामुळं ओठ, घसा अचानक सुजतो. डॅनाझोल यकृताला ते प्रथिन जास्त बनवायला लावतं. औषध म्हणून देताना दर काही महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करतात. तालमीत कोण करतं?

घेतलेल्या गोष्टींची रिकामी व्हायल, पाकीट डॉक्टरांना दाखवा. नुसतं ‘ताकदीचं’ म्हणून चालणार नाही. वस्तादांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, डॉक्टरांपासून मात्र लपवू नका. दूध, बदाम, थंडाईच्या खुराकानं यकृत बिघडत नाही, हेही जाता जाता.

प्रश्न : आईला संधिवात आहे. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ८५, सीआरपी १८. फेरिटिन नॉर्मल आहे म्हणून लोहाची गोळी बंद केली. बरोबर केलं का? (इचलकरंजी)

घाई झाली. फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं खरं, पण दाह असला की यकृत ते जास्त सोडतं. म्हणून निरोगी माणसात ३० च्या खाली गेलं तर लोह कमी म्हणतात, आणि दाह चालू असताना १०० च्या खालीही लोह कमी असू शकतं. ८५ याच संशयाच्या पट्ट्यात येतं. सोबत सीरम आयर्न आणि टीआयबीसी (रक्ताची लोह धरण्याची क्षमता) करून ट्रान्सफेरिन सॅचुरेशन, म्हणजे लोह वाहणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह चढलंय, ते काढा. ते २० टक्क्यांखाली असेल तर पेशींपर्यंत लोह पोचत नाही हे नक्की.

का पोचत नाही, त्याचं उत्तर पुन्हा यकृतातल्या एका संप्रेरकापाशी येतं. हेप्सिडिन हे अवघ्या २५ अमिनो आम्लांचं संप्रेरक. दाहाचा निरोप आला की यकृत ते सोडतं, आणि ते आतड्याच्या व साठ्याच्या पेशींतून लोह बाहेर पडायची दारं बंद करतं. जंतूंना लोह मिळू नये म्हणून ही सोय आहे. संधिवातात दाह महिनोन् महिने चालतो आणि दारं बंदच राहतात. तेव्हा आईंच्या रक्ताचा पहिला उपाय म्हणजे संधिवात आटोक्यात आणणं. सीआरपी उतरला की गोळी लागू पडायला लागते. तरीही हिमोग्लोबिन नाही चढलं तर शिरेतून लोह.

गोळी घेण्याची रीतही यावरच ठरते. लोहाचा एक डोस घेतला की त्यानंच हेप्सिडिन सुमारे दिवसभर वाढलेलं राहतं, आणि संध्याकाळची दुसरी गोळी फारशी शोषली जात नाही. पोट मात्र बिघडतं. म्हणून सकाळी एकदाच, एक दिवसाआड, लिंबूपाण्यासोबत. चहा आधी-नंतर दोन तास नाही. कॅल्शियमची गोळी रात्री. गरोदर बायकांनी हे स्वतःला लावून घेऊ नका. त्यांनी आशाताईंकडून मिळालेली ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची तांबडी गोळी सांगितल्याप्रमाणे रोजच घ्यायची.

प्रश्न : थायरॉइडची गोळी घेते, पाळीच्या त्रासासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू केल्या, तर टीएसएच वाढला. (शाहूपुरी)

तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेननं यकृत थायरॉक्सिन धरून ठेवणारं प्रथिन जास्त बनवतं. मोकळं थायरॉक्सिन कमी पडतं. निरोगी ग्रंथी ती तूट भरून काढते, तुमची काढू शकत नाही, म्हणून तिला हाका मारणारं टीएसएच वाढतं. डोस थोडा वाढवावा लागेल. बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. तपासताना ‘फ्री टी-४’ मागा, म्हणजे मोकळं थायरॉक्सिन, टोटल नको. आणि मोठ्या आजारपणात थायरॉइड तपासू नका. दाहामुळं टी-३ हे थायरॉइडचं दुसरं संप्रेरक तात्पुरतं उतरतं, ते थायरॉइडचं दुखणं नसतं. बरं झाल्यावर सहा आठवड्यांनी बघा. मान पुढून दुखत असेल, गिळताना कळ कानापर्यंत जात असेल आणि ईएसआर ५० च्या वर असेल, तर मात्र ग्रंथीचाच दाह असू शकतो.

प्रश्न : वय ४८, मधुमेह आठ वर्षं, कंबर १०२ सेंटिमीटर. सीआरपी एका लॅबमध्ये ०.५, दुसऱ्या लॅबमध्ये ५. कुठला खरा? हळद आणि गुळवेलीच्या काढ्यानं उतरेल का? (मंगळवार पेठ)

दोन्ही खरे असतील. एका लॅबनं डेसिलिटरमागे मिलिग्रॅम छापले असतील, दुसरीनं लिटरमागे, दहापटीचा फरक. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय सीआरपीचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवूच नयेत.

५ का, त्याचं कारण कमरेत आहे. पोटातल्या आतड्यांभोवतीच्या चरबीतून इंटरल्युकिन-६ पाझरतं आणि पोर्टल शिरेतून थेट यकृतात येतं. एरवी इन्सुलिन यकृताला दाहप्रथिनं आवरतं घ्यायला लावतं, पण इन्सुलिनला दाद न देणाऱ्या यकृतात तो लगाम ढिला पडतो. आपल्याकडं पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात. वजन सात ते दहा टक्के उतरवलं तर यकृतातली चरबी आणि सीआरपी दोन्ही उतरतात. दातांच्या डॉक्टरांकडं हिरड्या दाखवा. मिश्री-तंबाखूनं पोखरलेल्या हिरड्या गुपचूप सीआरपी वाढवत असतात, आणि मधुमेहात तर जास्तच. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर त्यानंही तो उतरतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ज्युपिटर चाचणीत २० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिननं ३७ टक्के उतरला होता.

जेवणातली हळद चालू ठेवा, पण तिच्यावर सीआरपीचा भार टाकू नका. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र नकोत, विशेषतः काळी मिरी घातलेल्या. त्यांनी यकृताला सूज आल्याची उदाहरणं आहेत. गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात काढा पिणाऱ्या काही जणांना यकृताचा दाह झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. काढा पीतच असाल तर बंद करा आणि पुढच्या रक्त तपासणीत सीआरपीसोबत एसजीपीटी आणि बिलिरुबिन लिहून घ्या.